तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे नेमणूकपत्र

(महाविद्यालयीन अध्यापक, कार्यालयीन कर्मचारी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात ज्यास तासिका तत्त्वावरील अध्यापक म्हणतात, त्यास गोव्यात ‘लेक्चर बेसिस’वरचा, कर्नाटकात ‘अतिथी उपन्यासक’ आणि मध्य प्रदेशात ‘अतिथी विद्वान’ असे संबोधितात. नावे उत्तरोत्तर आदरयुक्त आहेत. मानधनाविषयी तसे म्हणता येत नाही. गावातील मुलगी एम. ए. होते, नेट वा सेट उत्तीर्ण होते, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवू लागते आणि ‘पोरगी प्राध्यापक झाली’ म्हणून गावात पेढे वाटले जातात. परंतु ती नोकरी कोणत्या जातीची आहे, हे तिच्या हातात पडणाऱ्या एका कागदावरून ठरते. पुष्कळदा तो कागद हाती पडतच नाही, अथवा शिकवणे सुरू होऊन दोन महिने लोटल्यावर पडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार अशी नेमणूक मंजूर पदावरच करावयाची असून अर्हता नियमित सहायक प्राध्यापकाचीच लागते. निवडही रीतसर समितीमार्फत व्हावयाची असते. मानधनाची मर्यादा दर तासिकेस १,५०० रुपये व दरमहा जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठेवण्यात आली. राज्य शासने आपापल्या महाविद्यालयांसाठी दर स्वतंत्रपणे ठरवितात, आणि ते बहुधा याहून कमी असतात. नियमित अध्यापकास लागू असणारे भत्ते, निवृत्तिवेतन, उपदान व रजा अतिथी अध्यापकास मिळणार नाहीत, असेही त्या सूचनांत नमूद आहे.

आता हा हिशेब थोडा उलगडून पाहणे अवश्य आहे. १,५०० रुपये दराने ३३ तासिका झाल्या की ४९,५०० रुपये होतात. म्हणजे त्या महिन्यातील ३४व्या तासिकेपासून मानधन जवळजवळ थांबते. नियमित सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आरंभीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये, महागाई भत्ता निराळा. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने पूर्वीची तात्पुरती वा करारावरील सेवा थेट भरतीत व पदोन्नतीत धरण्यास ज्या अटी घातल्या, त्यांपैकी एक अशी की, त्या काळात मिळालेले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. एका हाताने ५०,००० ची मर्यादा घालावयाची आणि दुसऱ्या हाताने ५७,७०० च्या वरची अट! या मर्यादेत राहून पंधरा वर्षे शिकविलेल्या अध्यापकाची ती सेवा या अटीवर उतरतच नाही. अर्ज करताना ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो तो यामुळे.

याचा अर्थ पदरी काहीच पडत नाही, असा मात्र नव्हे. कायद्याने दिलेले लाभ मार्गदर्शक सूचनांनी हिरावले जात नाहीत. प्रसूती लाभाचे उदाहरण घ्यावे. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस हा लाभ मिळतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांकरिता तो २६ आठवड्यांचा आहे. येथे कायदा तासिका मोजत नाही, दिवस मोजतो. अध्यापनाचे सुमारे तीस आठवडे धरले, तर आठवड्यातून तीन दिवस येणारीचे नव्वद दिवस भरतात. त्याच तासिका दोन दिवसांत कोंबल्या, तर साठच. वेळापत्रक आखणाऱ्या विभागप्रमुखाच्या हे ध्यानीमनीही नसते. कराराची मुदत मध्येच संपली म्हणून हा लाभ तुटत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतील करारावरील एका महिला डॉक्टरच्या प्रकरणात दिला आहे.

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. शिक्षक हा ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून उपदान व प्रसूती लाभ या दोहोंच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्यास उपदानासाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाची सेवा पुरते, असे ही संहिता सांगते. मात्र अशी नेमणूक लेखी करारानेच झालेली असावी लागते. दहा महिन्यांचा आदेश काढून उन्हाळी सुटीत खंड पाडण्याची प्रथा येथे बोचते.

वडोदऱ्याकडील मंडळींस गुजरातचे प्रकरण ठाऊक असेल. तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील करारावरील सहायक प्राध्यापक दरमहा ३०,००० रुपयांवर काम करीत होते. त्यांना नियमित पदाच्या किमान वेतनश्रेणीइतके वेतन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हे अध्यापक पूर्णवेळ होते व निवडीच्या रीतसर मार्गाने आलेले होते. तासिकांवरील अध्यापकास तोच न्याय आपोआप लागू होईल, असे कोणी समजू नये. पण निवडीचे कागद जपून ठेवण्याचे मोल त्यावरून कळते.

यास्तव पहिल्या तासिकेपूर्वी आदेश मागून घ्यावा. त्यात विषय, आठवड्याच्या तासिका, दर, आरंभ व अखेरची तारीख, तसेच निवड समितीच्या बैठकीचा दिनांक असावा. वर्गात गेलेल्या प्रत्येक दिवसाची सही हजेरीपटावर त्याच दिवशी व्हावी आणि मासिक देयकाची प्रत अध्यापकाने स्वतःजवळ ठेवावी. कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीही अनुभवाचा दाखला देताना ‘यांनी समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीवर भागवू नये. कामाचे दिवस, तासिका, अर्हता व दिलेले एकूण मानधन दाखल्यात लिहावे आणि तो सत्राच्या अखेरच्या दिवशीच, सुटी लागण्यापूर्वी, सही-शिक्क्यानिशी हाती द्यावा. जून उजाडेपर्यंत प्राचार्य बदललेले असतात आणि जुना हजेरीपट कोणत्या कपाटात आहे, हे सांगणारा लिपिकही बदलीवर गेलेला असतो.