दुखणे : नवे आणि जुने
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



सुमारे हजार वर्षांपूर्वी हकीम इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात वेदनेचे १५ प्रकार सांगितले. आज मी दोनच प्रकारांविषयी बोलणार आहे : नवे दुखणे आणि जुने दुखणे.

नवे दुखणे म्हणजे घराचा राखणदार. भाकरी उलटताना बोट तव्याला लागते. त्वचेतील जलद मज्जातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने वर्दी देतात आणि कळायच्या आत हात मागे येतो. आग मागाहून जाणवते, कारण तिची वर्दी सेकंदाला सुमारे १ मीटर या संथ गतीच्या बारीक तंतूंतून येते. मग भाजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये तयार होऊन तंतू हळवे बनतात. कोमट पाणीही झोंबते. ॲस्पिरिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. हा हळवेपणा जखमेला जपतो आणि जखम भरली की निघून जातो.

तीन महिन्यांहून अधिक टिकते ते जुने दुखणे. त्यात पुष्कळदा राखणदार चोर नसतानाही ओरडत राहतो. मज्जारज्जूच हळवा होऊन साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे धाडू लागतो. हा बदल क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्रयोगाने सिद्ध केला.

मधुमेहात तळपायाच्या त्वचेतील तंतूंची टोके झडतात. उरलेले तंतू आपोआप संदेश पाठवितात. म्हणून रात्री पायांची आग होते, अंगावरची चादरही सोसत नाही. पण खिळा रुतला तर कळत नाही! नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. महिनोन्‌महिने घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

मुलांनो, दादी रात्री कण्हते आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, म्हणून ते ढोंग समजू नका. एक्स-रेमध्ये हाड दिसते, तंतूंचे दुखणे दिसत नाही. तिला डॉक्टरांकडे न्या, साखर तपासून घ्या आणि मधुमेह असेल तर रोज तिचे तळवे पाहा. तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवणे, ही तिच्या खिदमतीची पहिली पायरी आहे.