मी कुठला ट्रस्ट काढला? : फॉर्म ३५२० आणि दंडाचं पत्र

आजचा भाग खर्ड्यातून रेकॉर्ड करतोय, मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. विषय कागदपत्रांचा आहे, पण ज्यांचा भाऊ, बहीण, मित्र अमेरिकेत नोकरीला आहे त्यांनी जरा कान देऊन ऐका. जे तिकडे बसून ऐकतायत त्यांनी तर नक्कीच.

एक उदाहरण घेऊ. नावगाव काल्पनिक आहे, पण असली घरं आपल्या जामखेड तालुक्यात कमी नाहीत. पोरगा इंजिनियर, टेक्सासला घर घेतोय. डाऊन पेमेंटला पैसे कमी पडतात. इकडे वडील म्हणतात, रस्त्याकडेची जमीन विकू, शेवटी तुझंच आहे. जमीन विकली, बँकेतून पैसे पाठवले. डॉलर ८५ रुपयांचा धरा. एक कोटी दोन लाख रुपये गेले, म्हणजे १,२०,००० डॉलर.

पोरगा विचारतो, यावर टॅक्स आहे का? उत्तर येतं, आईवडिलांनी दिलेल्या भेटीवर टॅक्स नाही. उत्तर खरं आहे. भारतात नाही आणि घेणाऱ्याला अमेरिकेतही नाही. फक्त अर्धं आहे. टॅक्स नसला तरी कळवायचं असतं. परदेशातल्या व्यक्तींकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर भेट आली, तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. तो नेहमीच्या रिटर्नच्या आत नसतो, वेगळा असतो, आणि वर्षानुवर्षं कागदावर भरून युटा राज्यातल्या ऑग्डेनला टपालाने पाठवायची पद्धत आहे. उशीर झाला तर दर महिन्याला भेटीच्या रकमेच्या ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के दंड. आपल्या उदाहरणात ३०,००० डॉलर. साडेपंचवीस लाख रुपये. म्हणजे विकलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा, आणि तोही जिथे एक रुपयासुद्धा टॅक्स देणं लागत नव्हतं तिथे.

यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढे आहे. वर्षभराने पोराला कुणाकडून तरी या फॉर्मचं कळतं. तो घाबरून, प्रामाणिकपणे, स्वतःहून उशिरा फॉर्म भरतो. आणि काही महिन्यांनी त्याच फॉर्मवरची तारीख बघून दंडाचं पत्र येतं. सीपी १५ नावाचं. म्हणजे जो गप्प बसला त्याच्याकडे लक्ष गेलं नाही आणि जो स्वतः सांगायला गेला तो पकडला गेला. ही अमेरिकेच्याच सरकारी करदाता-वकील कार्यालयाची तक्रार होती. त्या कार्यालयाच्या प्रमुख एरिन कॉलिन्स वर्षानुवर्षं हेच लिहीत होत्या, की दंड आधी आपोआप लागतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त नंतर रद्द करावे लागतात. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं, की उशिरा कळवलेल्या भेटींवर हा आपोआप दंड थांबवणार आणि फॉर्मसोबत जोडलेलं कारण आधी वाचणार. ट्रस्टच्या भागासाठीही कारण जोडलं असेल तर ते आधी वाचणार. त्यामुळे उशिरा भरताना कोरा फॉर्म पाठवू नका. कारण त्याच पाकिटात जोडा.

आता ट्रस्ट. पत्रात फॉर्मचं नाव बघितलं की माणूस दचकतो, ‘मी कुठला ट्रस्ट काढला?’ आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, नाहीतर शिक्षणसंस्था. पण ३५२० हा मुळात परदेशी ट्रस्टचा फॉर्म आहे, भेटीचा भाग त्यातच चौथ्या नंबरला बसवलाय. म्हणून पहिलं काम, पत्रात कोणतं कलम लिहिलंय ते बघायचं. आपण कोड फुटला की आधी लॉग वाचतो ना, तसंच. ६०३९एफ असेल तर विषय भेटीचा. ६६७७ असेल तर खरोखर ट्रस्टचा. आजोबांनी इकडे खाजगी कौटुंबिक ट्रस्ट करून नातवाला लाभार्थी ठेवलं, आणि त्यातून त्याला पैसे गेले, तर हा भाग लागतो. तिथे दंड जास्त कडक आहे : १०,००० डॉलर किंवा मिळालेल्या रकमेच्या ३५ टक्के, जे जास्त असेल ते. आणि तिथे ‘ट्रस्टी काका कागद देत नाहीत’ हे कारण चालत नाही, फॉर्मच्या सूचनांमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

कलमानंतर कोणतं वर्ष, कोणता फॉर्म आणि पत्राची तारीख बघायची. अपील मागायला साधारण ३० दिवस असतात आणि ते पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडलं त्या दिवसापासून नाही. बरेच जण इथेच मार खातात. पत्र टेबलावर पडून राहतं, ‘सीएला विचारू, रविवारी बघू’ करत करत.

मग स्वतःला विचारायचं, चूक नक्की कुणाची? कधीकधी तुमची नसतेच. रिटर्नला मुदतवाढ घेतली असेल, तर ३५२० ची मुदतही १५ ऑक्टोबरपर्यंत जाते. पण फॉर्मवर मुदतवाढीच्या चौकटीत खूण नसेल, तर तिकडे तो उशिरा आलेला दिसू शकतो. अशा वेळी रडगाणं लिहायची गरज नाही. मुदतवाढीची पावती, टपालाची पावती, आणि ‘हा फॉर्म वेळेत आहे’ एवढं एक वाक्य. उलट ३५२०-ए म्हणून ट्रस्टचा जो भाऊ फॉर्म आहे, त्याची तारीख १५ मार्च. त्याला रिटर्नची मुदतवाढ लागू होत नाही, फॉर्म ७००४ भरून वेगळी घ्यावी लागते. दोन्ही तारखा एकच समजून गोंधळ होतो.

खरंच उशीर झाला असेल, तर ‘वाजवी कारण’ मांडायचं. इथे लोक दोन टोकं गाठतात. एक तर ‘सॉरी, माहीत नव्हतं’ एवढंच लिहितात, नाहीतर आठ पानं. अज्ञान हे एकटं कारण म्हणून फार लंगडं आहे. पण ‘जाणकाराला विचारलं, सगळी माहिती दिली, त्याने भरायची गरज नाही असं सांगितलं, हा त्याचा ईमेल’ यात दम आहे. पोलंडमध्ये एका आईला लॉटरी लागली, तिने अमेरिकेतल्या मुलाला ८ लाख ३० हजार डॉलर दिले. त्याने सल्लागाराला विचारलं होतं, काही भरायला नको असं उत्तर मिळालं होतं. पुढे दंड लागला दोन लाख डॉलरच्या वर. तो कोर्टात गेला, आणि २०२३ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या न्यायालयाने त्याचा दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. म्हणून म्हणतो, सल्ला फोनवर घेऊ नका. लेखी घ्या, निदान ईमेलवर.

उत्तर तारखांच्या क्रमाने लिहायचं. कधी पैसे आले, कुणाला कधी विचारलं, कधी कळलं, कळल्यावर किती दिवसांत भरलं. शेवटी ‘हे खरं आहे, खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र’ अशा अर्थाची सही. सोबत झेरॉक्स, मूळ कागद कधीच नाही. सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पावती जपा. नकार आला तरी गाडी तिथे थांबत नाही, अपील मागता येतं.

आता इकडच्या लोकांसाठी, कारण पुरावे तर इथेच आहेत. खरेदीखत, फेरफार, बँकेचा ए२ फॉर्म, १५सीए, पैसे गेल्याची स्विफ्ट प्रत, आणि वडिलांनी सही केलेलं साधं भेटपत्र. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर करून ठेवा. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं स्पेलिंग, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते आत्ताच एका प्रतिज्ञापत्रावर जुळवून घेतलेलं बरं.

आणि एक सापळा, ज्यावर कुणी बोलत नाही. परदेशी पैसे पाठवताना १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. म्हणून घरं हुशारी करतात. काही वडिलांच्या खात्यातून, काही आईच्या. अर्धे फेब्रुवारीत, अर्धे मे मध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षं. भारताच्या हिशोबाने ठीक. पण अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, फेब्रुवारी आणि मे एकाच वर्षात. आणि आई-वडील एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे ६०,००० अधिक ६०,००० मिळून १,२०,००० च धरतात. इकडे वाचवलं आणि तिकडे फॉर्म लागू झाला.

खर्ड्याचं नाव इतिहासात आलं ते मार्च १७९५ च्या लढाईने. मराठे विरुद्ध निजाम. भांडण मुळात चौथाईच्या थकबाकीचं, म्हणजे हिशोबाचं. त्याचा निकाल लागला नाही, आणि निजाम येऊन अडकला आपल्या इथल्याच किल्ल्यात. पोरं तिथे रील काढायला जातात, थकबाकीचं कुणाला माहीत नसतं. असो.

ज्यांचे पैसे अजून जायचेत, त्यांनी पाठवण्याआधीच १५ एप्रिलचा रिमाइंडर लावा, दोन्ही फोनमध्ये, इकडच्या आणि तिकडच्या. ज्यांच्या हातात पत्र आलंय त्यांनी तिकडच्या सीपीएला विचारताना पहिला प्रश्न हाच करा, ‘तुम्ही याआधी किती ३५२० केलेत?’ नुसता रिटर्न भरणारा इथे पुरत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर ‘आयआरएस’ म्हणून कुणी दंड मागत असेल तर फोन ठेवून द्या, असलं पत्र टपालाने येतं.

पुढच्या भागात उलटी बाजू घेऊ : पुण्यात बसून अमेरिकन कंपनीचे शेअर मिळालेत आणि भारतीय आयकर खात्याचा मेसेज आलाय, त्यांचं शेड्यूल एफए. प्रश्न पाठवा, पण पत्राचा फोटो पाठवताना नंबर झाकून.