डेकवरची रपेट

चौकहून इर्शाळगडाच्या वाटेला रोज फिरायला जाणाऱ्यांनी मुंबई-गोवा क्रूझ धरली, तरी व्यायाम बुडवायला नको. बऱ्याच मोठ्या जहाजांच्या डेकवर फेरीचा मार्ग आखलेला असतो. ‘क्वीन मेरी २’ वर तर तीन फेऱ्यांत जवळजवळ पावणेदोन किलोमीटर होतात. गंमत आहे ती वाऱ्याची! जहाज १८ नॉट्सने, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटरने जात असेल, तर वारा पडलेला असतानाही पुढच्या टोकाकडे चालताना तेवढा वारा तोंडावर येतो. टोपी सांभाळा! डेक डुलतो, त्यामुळे पाऊल जरा आखूडच टाकावं. पहाटे तो ओला, निसरडा असू शकतो, शिवाय खालच्या केबिनींत माणसं झोपलेली. तेव्हा भल्या पहाटे नुसतं चाला. धावायचं ते उजाडल्यावर.