चेहरा कोणाचा, निवड कोणाची



पौष अमावस्येला केसलापूरची नागोबा जत्रा भरते आणि आपल्याकडे इंद्रवेल्लीत डीपी बदलू लागतात. कुणी देवळासमोर उभा, कुणी सगळ्या भाऊबंदांसोबत. कुणाच्या डीपीवर नुसता नागोबा. 14 एप्रिलला निळ्या कोटातले बाबासाहेब येतात, 20 एप्रिलला आपला हुतात्मा स्तूप. अशा फोटोंवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का, एवढाच आजचा प्रश्न.

थोडाफार येतो, असं संशोधन सांगतं. 2010 साली मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व जर्मनीतल्या 236 तरुणांची समाजमाध्यमांवरची प्रोफाइलं अनोळखी माणसांना दाखवली. त्यांचे अंदाज तरुणांच्या खऱ्या स्वभावाशी बऱ्यापैकी जुळले. बोलका, चारचौघांत रमणारा माणूस सहज ओळखू आला. मनातली घालमेल मात्र नीट ओळखता आली नाही. 2016 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे 66,000 जणांचे फोटो संगणकाकडून तपासून घेतले. जुळवून घेणारी, शिस्तीची माणसं अधिक हसरी दिसली. चिंतेने ग्रासलेल्यांच्या फोटोत बरेचदा चेहराच नव्हता.

हा शेवटचा निकष इंद्रवेल्लीत लावला, तर आपल्या कितीतरी आयाबहिणी चिंताग्रस्त ठरतील! त्यांच्या डीपीवर लेकरू असतं, फूल असतं, देव असतो. सासरचे काय म्हणतील, फोटो कुणाच्या हाती पडेल, हा विचार त्यामागे असतो. शिवाय कितीतरी घरांत फोन एकच. नंबर बापाचा, फोटो पोराने ठेवलेला. त्यात कुणाचा स्वभाव शोधणार? आणि तरी सोयरीक जुळवताना आपण मुलीचा डीपी पाहून ‘जास्तच पुढची दिसते’ असं बोलून मोकळे होतो. हे मला मनापासून खटकतं.

मग पाहायचं काय? माझ्या मते, निवड: फोटो कुणी निवडला, ते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940च्या दशकात इथून जवळच मारलवाईत राहिले. त्यांनी राज गोंडांचे पुष्कळ फोटो काढले. ते आज लंडनच्या सोआस या संस्थेत जपलेले आहेत. फार मोलाचं काम. पण त्यातला कोणता फोटो जगापुढे जावा, हे फोटोतल्या माणसांच्या हाती नव्हतं. त्यामुळे त्या फोटोंतून हायमेनडॉर्फ यांची नजर जितकी कळते, तितका समोरच्या माणसाचा स्वभाव कळत नाही.

आज गोंडाचा पोरगा दिवाळीतल्या दंडारी नाचातला, गुसाडीच्या वेशातला आपला फोटो स्वतः लावतो. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगाला राख. त्या वेशात तो देवाचा असतो, म्हणून त्या दिवसांत आंघोळसुद्धा करत नाही. दिवाळीत असा फोटो लावणं ही रीत झाली. पण हैदराबादच्या वसतिगृहात, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, तिथेही त्याने तोच फोटो वर्षभर ठेवला, तर तो त्या पोराचा स्वभाव. स्तूपाच्या फोटोचंही तसंच. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी इंद्रवेल्लीत गोळीबार केला; तो स्तूप त्यातल्या मृतांच्या स्मरणार्थ आहे. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक त्याहून कितीतरी जास्त सांगतात. दरवर्षी त्या दिवशी स्तूपाचा फोटो सगळेच लावतात. जून उजाडला तरी ज्याचा हा फोटो तसाच असतो, त्याच्याशी जरा बोलून पाहा.

आणखी एक सांगतो. अँड्र्यू रीस आणि ख्रिस्तोफर डॅनफोर्थ यांनी 2017 साली 166 जणांचे इन्स्टाग्रामवरचे फोटो तपासले. नैराश्य असलेल्यांचे फोटो इतरांपेक्षा अधिक काळपट, निळसर आणि करडे निघाले. एका फोटोवरून निदान कुणीच करू नये. पण बाहेरगावी शिकणाऱ्या आपल्या पोराचे आधीचे फोटो आपल्याला ठाऊक असतात. ते एकाएकी अंधारे होऊ लागले किंवा बंदच पडले, तर त्याखाली अंगठा दाबून पुढे जाऊ नका. त्याच संध्याकाळी फोन करा, आणि जेवलास का, इथून सुरुवात करा.