आश्रयार्थी खलाशी आणि दिल्लीचा दंडाधिकारी

जहाजावरून पाण्यात घेतलेली उडी म्हटली की मराठी श्रोत्याच्या मनात एकच नाव उभे राहते, ते मार्सेलिसचे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीवरून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहत ते फ्रान्सच्या धक्क्याला लागले, आणि परक्या भूमीवर पाय ठेवल्यानंतर काही मिनिटांतच एका फ्रेंच शिपायाने त्यांना पाठलाग करणाऱ्या पहारेकऱ्यांच्या हवाली केले. त्या काही मिनिटांचा वाद पुढे हेग येथील लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला तो असा, की बंदी परत देण्यात अनियमितपणा घडला खरा. परंतु तेवढ्यावरून त्याला पुन्हा फ्रान्सच्या स्वाधीन करण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही. हेगला दोन सरकारांचे म्हणणे ऐकून घेतले गेले. ज्याने उडी घेतली होती, त्याचे म्हणणे त्या वादात कोठेच नव्हते.

आश्रय मागणाऱ्या माणसाच्या बाबतीत मुख्य प्रश्न हाच आहे. त्याला आश्रय मिळतो की नाही, हा पुढचा भाग झाला. त्याला परत देण्यापूर्वी कोणी त्याचे ऐकून घेते काय, ही पहिली गोष्ट. मार्सेलिसनंतर बावन्न वर्षांनी हाच प्रश्न स्वतंत्र भारताच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याचा निर्णय दिल्लीच्या एका दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात लागला.

१९६२ चा नोव्हेंबर महिना संपत आला होता. कलकत्ता बंदरात ‘चेर्नोव्त्सी’ नावाचे सोव्हिएत तेलवाहू जहाज उभे होते. त्यावरील व्लादिस्लाव तारासोव्ह या तरुण खलाशाने रात्री पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन ‘स्टील सर्व्हेयर’ हे अमेरिकन मालवाहू जहाज गाठले. तेथे त्याने राजकीय आश्रय मागितला. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याच्यावर जो आरोप ठेवला तो मात्र राजकीय नव्हता. जहाजावरील सुमारे ७०० रुपये चोरून हा मनुष्य पळाला आहे, सबब चोर म्हणून त्याला आमच्या स्वाधीन करावे, अशी त्यांची मागणी होती. भारतीय पोलिसांनी तारासोव्हला ताब्यात घेतले, आणि दोन महासत्तांमधील एक नाजूक भांडण भारत सरकारच्या पदरात पडले.

ही वेळ कोणती होती, हे ध्यानात घेतल्यावाचून सरकारची अडचण समजणार नाही. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयातील पराभवाची जखम अगदी ओली होती. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. अमेरिकेची शस्त्रे आणि मालवाहू विमाने तातडीने भारतात येत होती. दुसरीकडे सोव्हिएत संघाबरोबर मिग विमानांचा करार त्याच वर्षी झाला होता, आणि चीनच्या बाजूला मॉस्कोने पूर्णपणे झुकू नये यासाठी भारताची सारी धडपड चालू होती. एका खलाशासाठी यांपैकी कोणालाही दुखविणे भारताला परवडणारे नव्हते. खलाशाला अमेरिकनांच्या हाती सोडावे तर मॉस्को रुष्ट होणार. मॉस्कोच्या हाती द्यावे तर ज्यांची मदत येत आहे ते रुष्ट होणार, आणि शिवाय स्वतःच्या मनाला काय सांगावे हा प्रश्न उरणारच.

अशा प्रसंगी सरकारपुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट उघडपणे आश्रय देण्याची. ही वाट भारताला अपरिचित नव्हती. १९५९ साली दलाई लामांना तो दिला गेला होता. परंतु तो सर्वस्वी राज्यकर्त्यांचा निर्णय होता, कायद्याने दिलेला हक्क नव्हता.

दुसरी वाट हद्दपारीची होती, आणि ती सर्वांत सोपी होती. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याने सरकारला परक्या माणसाला देशाबाहेर घालविण्याचा विस्तृत अधिकार दिला होता. १९५५ साली हान्स म्यूलर नावाच्या एका पश्चिम जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर शिक्कामोर्तब केले होते. नागपूर उच्च न्यायालयाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्या निकालपत्रात हद्दपारी आणि प्रत्यार्पण यांतील भेद विशद केला. हद्दपार झालेला मनुष्य देश सोडताना मोकळा असतो. प्रत्यार्पित मनुष्य परक्या राज्याचा बंदी म्हणून जातो. तथापि परक्या राज्याने प्रत्यार्पणाची विनंती केली म्हणून सरकारचा हद्दपारीचा अधिकार नाहीसा होत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे एखाद्या परदेशी माणसाला चौकशीवाचून घालविण्याची मुभा दिल्लीला होती.

तिसरी वाट प्रत्यार्पणाची, आणि सरकारने ती पत्करली. इंग्रजी अमदानीतील १९०३ च्या कायद्याच्या जागी संसदेने १९६२ साली नवा प्रत्यार्पण कायदा केला होता. तो ५ जानेवारी १९६३ रोजी अंमलात आला. तारासोव्हचे प्रकरण या नव्या कायद्याखालील अगदी आरंभीच्या प्रकरणांपैकी एक ठरले. त्याची चौकशी दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली, आणि कलकत्त्याच्या पाण्यात सुरू झालेली ही कथा राजधानीच्या न्यायालयात आली.

या कायद्याची रचना साधी आहे. परक्या राज्याची विनंती आली की केंद्र सरकार दंडाधिकाऱ्याला चौकशीचा आदेश देते. दंडाधिकारी गुन्हा शाबीत झाला की नाही हे ठरवीत नाही. आरोपीविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा आहे काय, एवढेच तो पाहतो. आरोपीलाही आपला पुरावा पुढे मांडता येतो, आणि मागणीचा गुन्हा राजकीय स्वरूपाचा आहे हे दाखविता येते. पुरावा दिसला तर दंडाधिकारी सरकारला तसे कळवितो, आणि स्वाधीन करावे की नाही हा अखेरचा निर्णय सरकार घेते. पुरावा दिसला नाही तर मात्र आरोपीला सोडून द्यावे लागते. तेथे सरकारच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

मार्च १९६३ मध्ये दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याने हेच केले. चोरीच्या आरोपाला प्रथमदर्शनी आधार नाही, असा निष्कर्ष काढून त्याने तारासोव्हला मुक्त केले. खलाशी सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती गेला नाही. एका बलाढ्य मित्रराज्याची मागणी एका कनिष्ठ न्यायाधिकाऱ्याने पुराव्याअभावी नाकारली, आणि भारत सरकारला मॉस्कोला एवढेच सांगता आले, की आमच्या देशात न्यायालये सरकारच्या सांगण्यावरून चालत नाहीत.

या वर्तनात सरकारचे चातुर्य किती आणि न्यायबुद्धी किती, हे पाहिले पाहिजे. प्रत्यार्पण कायद्याच्या २९ व्या कलमाने केंद्र सरकारला आणखी एक अधिकार दिला आहे. मागणी क्षुल्लक असेल, प्रामाणिक हेतूने केलेली नसेल किंवा राजकीय कारणांसाठी केलेली असेल, तर सरकार स्वतःच ते प्रकरण थांबवून माणसाला सोडू शकते. ७०० रुपयांसाठी एक महासत्ता एका खलाशाच्या मागे लागते, यात राजकारण किती हे ओळखायला फार मोठी बुद्धी लागत नव्हती. सरकारने तो अधिकार वापरला नाही. तो वापरला असता तर सोव्हिएत मागणीमागील हेतू शुद्ध नाही, असे दिल्लीला आपल्या तोंडाने म्हणावे लागले असते. ते शब्द टाळण्यासाठी साऱ्या प्रश्नाचा भार एका दंडाधिकाऱ्याच्या खांद्यावर टाकला गेला, आणि तोवर खलाशाचे भवितव्य कित्येक आठवडे टांगणीला लागले. हा सावधपणा होता. त्याला धैर्य म्हणता येणार नाही. परंतु ज्या यंत्रणेच्या आड सरकार उभे राहिले ती यंत्रणा सच्ची होती, आणि माणूस वाचला तो तिच्यामुळे.

मौज अशी, की तारासोव्हला न्यायालयाचे दार उघडून दिले ते त्याच्या विरोधकांनी! सोव्हिएत अधिकाऱ्यांनी चोरीचा आरोप का निवडला, याचे कारण उघड आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे चौदावे कलम छळापासून आश्रय मागण्याचा हक्क मान्य करते. परंतु खऱ्याखुऱ्या अराजकीय गुन्ह्यांसाठी ज्याचा पाठलाग होत आहे त्याला तो हक्क नाही, असेही तेच कलम सांगते. आश्रयार्थ्याला चोर ठरविले की आश्रयाचा प्रश्नच मिटतो. मात्र चोर म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा आला की न्यायाधीश आला. नुसते ‘आमचा माणूस आम्हाला द्या’ असे म्हटले असते, तर त्याचे भवितव्य कदाचित सचिवालयातील एखाद्या टिपणीवर ठरून गेले असते.

चौकशी न झाल्यास काय घडते, याचे उदाहरण आठ वर्षांनी अमेरिकेनेच घालून दिले. २३ नोव्हेंबर १९७० रोजी सिमास कुदिर्का या लिथुएनियन रेडिओचालकाने सोव्हिएत जहाजावरून अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘व्हिजिलंट’ या गस्ती जहाजावर उडी घेतली. त्याच्यावरही चोरीचाच आरोप झाला. या वेळी रक्कम ३,००० रुबल होती. तटरक्षक दलाच्या वरिष्ठांनी काही तासांत त्याला परत देण्याचा हुकूम दिला. सोव्हिएत खलाशांना अमेरिकन जहाजावर चढू देण्यात आले, आणि त्यांनी कुदिर्काला मारहाण करून बांधून नेले. अमेरिकेत संतापाची लाट उसळली, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. पण कुदिर्काला दहा वर्षांची शिक्षा व्हायची ती झालीच. त्याची आई अमेरिकेत जन्मलेली होती या आधारावर पुढे १९७४ साली त्याची सुटका झाली. आश्रयाच्या गोष्टी उच्च रवाने बोलणारा देश त्या दिवशी चुकला आणि अडचणीत सापडलेला भारत १९६३ साली चुकला नाही, याचे कारण दोन राष्ट्रांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. दिल्लीत मधे एक न्यायालय होते. त्या गस्ती जहाजावर केवळ हुकूम होता.

दिल्लीतही न्यायालयाची ही वाट रूढ झाली असे मात्र नव्हे. ६ मार्च १९६७ रोजी स्टालिनची कन्या स्वेतलाना अलिलुयेव्हा हिने शांतिपथावरील अमेरिकन वकिलात गाठली. आपले दिवंगत सहचर ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती. वकिलातीने तिला त्याच रात्री विमानाने रोमकडे रवाना केले. भारत सरकारला कळले तेव्हा ती देशाबाहेर गेली होती, आणि परराष्ट्रमंत्री छगला यांना संसदेत प्रश्नांच्या भडिमाराला तोंड द्यावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अझीझ उलुगझादे या सोव्हिएत तरुणानेही दिल्लीत आश्रय मागितला. तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने सर्व परदेशी वकिलातींना लेखी कळविले, की आपल्या आवारात कोणालाही आश्रय देण्याचा त्यांचा हक्क भारत मानीत नाही. सार्वभौम राज्याच्या दृष्टीने ही भूमिका योग्यच होती. पण वकिलातींचे दार बंद करणाऱ्या राज्यावर स्वतःचे एखादे दार उघडे ठेवण्याची जबाबदारी येते. ते दार कोणते, याचे उत्तर त्या परिपत्रकाने मिळाले नाही.

ते उत्तर पुढेही पूर्णपणे मिळालेले नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही देशात झालेला नाही. १९४६ चा कायदा २०२५ साली रद्द होऊन त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परदेशी माणसाला बाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार मात्र कायम राहिला. आधार आहे तो राज्यघटनेचा. तिच्या एकविसाव्या कलमात जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण दिले आहे ते ‘व्यक्ती’ला, केवळ नागरिकाला नव्हे, आणि १९९६ साली अरुणाचलातील चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच शब्दाच्या बळावर परक्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला.

आश्रय द्यावा की नाकारावा, हा निर्णय प्रत्येक राज्य आपल्या हितानुसार घेणार, आणि त्यात गैर काही नाही. परंतु नकार देण्यापूर्वी त्या माणसाला बोलू देणे, त्याच्यावरील आरोप तपासणे आणि हे काम सरकारच्या गरजांपासून अलिप्त असलेल्या कोणावर तरी सोपविणे, एवढे तर प्रत्येक राज्याला करता येते. तारासोव्हच्या वाट्याला हे आले ते त्याच्यावर चोरीचा आरोप झाला म्हणून. ज्याच्यावर कोणताच आरोप नाही, अशा आश्रयार्थ्यालाही ते हक्काने मिळावे, एवढीच मागणी दिल्लीतील त्या जुन्या निकालाने मागे ठेवली आहे.