सही करण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची मोठी पुस्तके मी वाचलेली नाहीत. पण सहकारी संस्थेच्या कमिटीवर जाणाऱ्या प्रत्येक बाईने निदान एवढे तरी जाणून घ्यावे असे मला वाटते, म्हणून आज चार शब्द बोलणार आहे.

आपल्या रत्नागिरीत पतपेढ्या आहेत, विकास सोसायट्या आहेत, मच्छीमारांच्या संस्था आहेत. कमिटीवर बायकांसाठी कायद्याने दोन जागा राखून ठेवल्या आहेत. ही आनंदाचीच गोष्ट. परंतु पुष्कळदा होते काय, की जागा भरायची म्हणून कोणा वहिनींचे नाव घालतात. मग प्रोसिडिंगचे पुस्तक घरी येते. "वहिनी, एवढी सही द्या," म्हणतात, आणि चुलीवरचे आधण सांभाळता सांभाळता वहिनी सही देऊन मोकळ्या होतात.

त्या सहीचा अर्थ काय, तो ऐका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० सालचा. त्याचे ७३ वे कलम सांगते की, कमिटीच्या निर्णयांना सगळी मंडळी मिळून जबाबदार आणि एकेकटीही जबाबदार. "चेअरमन म्हणाले म्हणून मी केली," ही सबब तिथे चालत नाही. ऑडिटमध्ये किंवा चौकशीत पैशाची अफरातफर वा विश्वासघात दिसला, तर ८८ व्या कलमाखाली दोषी ठरणाऱ्याने ती रक्कम व्याजासकट भरावी, असा हुकूम निबंधक देऊ शकतात. वसुली होते ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. म्हणजे घरावर, कलमांच्या बागेवर जप्ती येऊ शकते. माणूस वारला, तरी त्याची इस्टेट ज्याच्याकडे गेली त्याला जाब द्यावा लागतो.

ही नुसती भीती नव्हे. शेजारच्या रायगड जिल्ह्यात पेण अर्बन बँकेतला गैरव्यवहार २०१० साली उघडकीस आला आणि गोरगरीब ठेवीदारांना आपल्याच पैशासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. २०११ च्या मे महिन्यात राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले, आणि पुढे याच ८८ व्या कलमाखाली कारवाई सुरू झाली. दोष कोणाचा, हे ठरवणे आपले काम नाही. पण कलम कागदावरच राहत नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

म्हणून कमिटीवर जाऊच नये का? मुळीच नाही! कायदा प्रामाणिक माणसाला सांभाळतोही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या केल्या. अशा आपत्तीने संस्थेला तोटा आला, तर तो कमिटीच्या चुकीने आला की आपत्तीने, हे निबंधकांनी आधी दप्तर पाहून ठरवायचे असते. एखादा ठराव पटला नाही, तर आपला विरोध प्रोसिडिंगात लिहून घ्यावा. मग त्या ठरावाची जबाबदारी आपल्यावर येत नाही. हवे तर सात दिवसांच्या आत निबंधकांनाही लेखी कळवता येते. सभेला गेलो नाही आणि पुढे ते प्रोसिडिंग कायमही केले नाही, तरी आपण सुटतो. मात्र न गेलेल्या सभेच्या पुस्तकावर घरबसल्या सही दिली, की आपण आपल्याच हाताने हे कवच काढून ठेवले.

तोंडाने "मला नाही पटत" म्हणून घरी आलो, तर ते हवेत विरते. लिहिलेले तेवढेच टिकते.

भगिनींनो, आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचे फळ पाहतोच ना? तसाच ठराव शेवटपर्यंत वाचावा. कर्ज कोणाला, किती, तारण काय, हे विचारावे. ऑडिटचा रिपोर्ट मागावा. कळले नाही तर पुन्हा विचारावे. त्यात कमीपणा कसला? दुसऱ्यांच्या घामाचा पैसा आपल्या सहीने जात-येत असतो.

एवढे बोलून मी माझे भाषण पुरे करते.