सुरूच्या जागी काय लावायचं?



पूर्वजांविषयी आज पुष्कळ बोललं गेलं. आम्हाला शाळेच्या रस्त्यावरच्या झाडांविषयी बोलायला सांगितलं आहे, तेवढंच बोलतो.

उसाच्या शेतांमधून जाणारी ती सुरूची रांग आपल्या सर्वांच्या माहितीची आहे. इथे आपण फिलाओ म्हणतो, कोकणात सुरू. 1975 च्या जेर्व्हेझ चक्रीवादळानंतर ती लावली, असं वडीलधारे सांगतात. सुरू भराभर वाढतो, खारा वारा सोसतो, वाळूतही तग धरतो. कोकणच्या किनाऱ्यावरही त्याची बनं याचसाठी लावली आहेत. पण चाळीस-पन्नास वर्षांनी तो ठिसूळ होतो. जानेवारी 2024 मध्ये बेलाल आलं तेव्हा दोन झाडं रस्त्यावर आडवी झाली. मुलं घरी होती म्हणून निभावलं.

आता झाडं बदलायची हे ठरलं, आणि वाद सुरू झाला. आजी-आजोबा म्हणाले, शताब्दी आपली, झाडंही आपली लावा: आंबा, फणस, चिंच. शिकलेली मुलं म्हणाली, मॉरिशसमध्ये चांगलं मूळचं जंगल दोन टक्केही उरलेलं नाही, मग लावायचं तर इथलंच लावा. दोघांचंही खरं होतं. शाळेच्या रस्त्यावर आंबा मात्र आम्हाला नको होता. दगड कोण मारणार आणि ते कुठे पडणार, हे शिक्षकांना विचारा!

मग एका आजींनी ताकामाकाचं फळ हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर उंडी!" त्यांच्या आईने सांगितलेलं त्यांना आठवत होतं: कोकणात उंडीचं कडू तेल दिव्यात घालत, दुखऱ्या सांध्यांना चोळत. ताकामाका नावाची दोन भावंडं इथे आहेत. एक डोंगरातलं, याच बेटांवरचं. दुसरं किनाऱ्यावरचं, तेच कोकणातलं. त्याची फळं समुद्रावर तरंगत जातात आणि लाटा नेतील तिथे रुजतात. म्हणजे ते आपल्याआधीच इथे येऊन राहिलेलं, आणि त्याला कोणी बोटीत घालून आणलेलं नाही. त्या दिवशी वाद तिथेच थांबला.

उंडी सावकाश वाढते, हे सांगायलाच हवं. आज लावली तर दाट सावली आजच्या पहिलीतल्या मुलांना नाही, त्यांच्या मुलांना मिळेल. म्हणून मध्ये मध्ये बदाम आणि भेंड लावू, ती लवकर सावली देतात. सगळी रांग एकाच झाडाची केली, तर ती पुन्हा एकदमच म्हातारी होईल. विजेच्या तारांखाली मोठं झाड नको. उंडीला फांद्या पसरायला आठ-दहा मीटर लागतात, सुरूएवढ्या जवळ लावून चालणार नाही. आणि जुने सुरू एका दिवसात तोडायचे नाहीत. पोकळ झालेले आधी काढू, बाकीच्यांच्या आडोशाला रोपं वाढू देत.

बी मुलांनीच गोळा केलं आहे. कवच फोडून लावलेलं बी तीनेक आठवड्यांत रुजतं, तसंच पुरलं तर दोन महिनेही लागतात. पाचवीच्या वर्गाने दोन्ही प्रकारे लावून रोज वहीत नोंद ठेवली आहे. उंडीचं फळ खायचं नाही, हेही त्यांना बजावलं आहे. पावसाळा लागला की रोपं जमिनीत जातील. आपल्या पश्चिमेकडच्या कोरड्या भागात सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी घालावं लागेल, पहिली तीन वर्षं तरी. त्या शनिवारांची यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ऑक्टोबरच्या रकान्यात अजून एकही नाव नाही.